यादीत नाव का नसतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



डायलिसिस हा शब्द आपल्या धाराशिव जिल्ह्यात आता नवा राहिलेला नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो पुण्या-मुंबईच्या दवाखान्यातला शब्द होता. आज परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या बसस्थानकावर कुणी म्हणालं, "मामांना डायलिसिसला न्यायचंय," तर शेजारचा माणूस लगेच विचारतो, "आठवड्याला दोन का तीन?" आजार ओळखीचा झाला आहे आणि त्याचा हिशेबही. किडनी बदलता येते हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक आहे. पण डायलिसिसच्या खाटेवर पडलेल्या माणसाला "तुमचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत घातलंय का?" असं विचारलं, की पुष्कळदा उलट प्रश्न येतो, "कसली यादी?" कुणी म्हणतं, "आमच्यासारख्याचा नंबर कुठं लागतोय, साहेब!" आणि कुणी नुसतंच हसून तोंड भिंतीकडे वळवतं.

रुग्णांच्या घरच्यांशी बोलणं, त्यांचे कागद जमवून देणं, हे माझं काम. त्या कामात ही तीन उत्तरं मी फार वेळा ऐकली आहेत. त्यांच्यामागे काय काय असतं ते आज सांगायचं आहे. वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगेन. ती सांगायला डॉक्टर मंडळी आहेत. मला बोलायचं आहे ते घर, शेत, कोयता, सोयरीक आणि पैसा यांच्याविषयी, कारण नाव नोंदवायचं की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आधी डायलिसिसचं गणित पाहू. आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंडं हे सगळे तास काम करतात. यंत्रावर माणूस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास गेला तरी रक्त साफ होतं ते १२ तास. उरलेल्या वेळात जे साठतं ते शरीराला सोसावं लागतं. म्हणून पाणी मोजून प्यायचं, आणि तेही आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात! मीठ कमी, फळं बेताची, हाताच्या शिरेत सुया. यंत्र माणसाला जगवतं, वर्षानुवर्षं जगवतं, त्याबद्दल शंका नाही. पण ज्याची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्यासारखी आहे, त्याला प्रत्यारोपणानंतर साधारणपणे जास्त आयुष्य आणि बरंच मोकळं आयुष्य मिळतं. बसवलेली किडनी कायमची नसते. ती दहा-पंधरा वर्षं किंवा अधिक चालते, कधी त्याआधीही बंद पडते. औषधं मात्र ती चालू असेपर्यंत रोज घ्यावी लागतात. हे सगळं खरं धरूनही फरक मोठा आहे.

किडनी मिळण्याचे मार्ग दोन. एक, घरातल्या जिवंत माणसाने द्यायची. आपल्या देशात १९९४ साली झालेल्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने आईवडील, मुलं, भाऊ-बहीण आणि पती-पत्नी यांना जवळचे नातेवाईक मानलं. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. रक्तगट जुळत नसेल तर अशीच अडचण असलेल्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर दात्यांची अदलाबदल करायलाही त्या दुरुस्तीने परवानगी दिली. दुसरा मार्ग म्हणजे मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनी दान केलेली किडनी. या दुसऱ्या मार्गासाठी यादी असते. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं ती सांभाळतात. पण या केंद्रात आपण स्वतः जाऊन नाव घालू शकत नाही. प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या रुग्णालयातून, तिथल्या तज्ज्ञाने तपासून, तिथल्या समन्वयकाच्या हातूनच नाव जातं. आणि ते एकाच रुग्णालयातून जातं. दोन-चार ठिकाणी नंबर लावून ठेवण्याची सोय नाही.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. आजारपणात आपली माणसं जिल्ह्याची हद्द पाहत नाहीत, एस.टी. कुठली लवकर मिळते ते पाहतात. परंडा-भूमचा माणूस बार्शी गाठतो, कळंबचा लातूर किंवा अंबाजोगाई, उमरग्याचा सोलापूर नाहीतर थेट कलबुर्गी. प्रत्यारोपणाची सोय जिल्ह्यात नाही. त्यासाठी सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई, नाहीतर हैदराबाद. मराठवाड्याचं समन्वय केंद्र आहे छत्रपती संभाजीनगरला, धाराशिवपासून अडीचशे किलोमीटरच्या घरात. सोलापूर सत्तरच्या आसपास. म्हणून माणूस सोलापूरला जातो आणि तिथल्या रुग्णालयातून नोंद झाली की त्याचं नाव पुणे विभागात जातं. त्याला स्वतःला हे कित्येकदा माहीतही नसतं. पूर्वी काही राज्यं आपल्याच रहिवाशांची नावं घेत. २०२३ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय संस्थेने ही रहिवासाची अट काढायला सांगितली, ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आणि नोंदणीसाठी राज्यांनी शुल्क घेऊ नये असंही कळवलं. उमरग्याच्या माणसाला हैदराबादचा रस्ता जवळचा वाटत असेल तर तोही आता त्याला मोकळा आहे.

नियम सैल झाले. तरी नावं येत नाहीत, ती का?

पहिलं कारण अगदी साधं आहे. कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्याकडे कित्येक रुग्णांचं पहिलं डायलिसिस धावपळीत होतं. पाय सुजलेले, दम लागलेला, जिल्ह्याला नेलं, मानेतून नळी घातली आणि यंत्र सुरू. त्या दिवशी कुणी प्रत्यारोपणाचं बोललं असेल तरी ते कानावरून गेलेलं असतं. पुढे महिनाभरात गाडी रुळावर येते आणि मग विषय निघतच नाही. तंत्रज्ञ म्हणतो, ते मोठ्या डॉक्टरांनी सांगायचं. मूत्रपिंडविकाराचे तज्ज्ञ बाहेरगावाहून येतात, त्यांच्यापुढे रांग असते. रुग्णाला वाटतं, गरज असती तर त्यांनीच सांगितलं असतं. आणि सांगितलं तरी कुणाला? बाई रुग्ण असेल तर तिच्या नवऱ्याला, म्हातारा असेल तर मुलाला. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे तो माणूस चार तास खाटेवर मोकळा पडलेला असतो, पण बोलणं होतं ते बाहेरच्या बाकावर.

इथे एक उलटी गोष्ट घडली आहे. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिस मिळू लागलं. त्याआधी जमीन विकून डायलिसिस करणारी घरं होती. म्हणून या सोयीला मी फार मोठी गोष्ट मानतो. पण डायलिसिस दारात आलं आणि प्रत्यारोपण होतं तिथेच, दूर राहिलं. एकाला रिक्षाचं भाडं लागतं, दुसऱ्याला मुक्काम लागतो. मग माणूस म्हणतो, "आता बसलंय ना सगळं, कशाला हलवायचं?" बसलेलं असतं ते आजच्यापुरतं. दोन-चार वर्षांत हृदयावर ताण येतो, हाडं दुखू लागतात, हाताची शीर बंद पडते आणि दुसऱ्या हाताची करावी लागते. रक्त कमी झालं म्हणून वारंवार बाहेरचं रक्त चढवलं तर शरीरात अशी प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात, की पुढे किडनी जुळणंच कठीण होतं. थांबण्याला अशी किंमत आहे, ती फक्त लगेच दिसत नाही.

आता कोयत्याविषयी. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागला की परततात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला. समजा, यातला नवरा डायलिसिसवर गेला. कोयता मोडला, पण उचल फिटायची राहिली. बायको दिरासोबत किंवा एकटी, अर्धा कोयता म्हणून जाते. घरात म्हातारी सासू आणि आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाणारा नवरा. अशा घरात मी जाऊन सांगतो, बायकोची किडनी जुळू शकते, तपासण्या करून घ्या. ती बाई काय हिशेब करेल? शस्त्रक्रियेनंतर दात्याला काही दिवस रुग्णालयात राहावं लागतं आणि पुढे काही आठवडे जड उचलता येत नाही. तिचं काम म्हणजे उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसाने अवयव दिला तर २०२३ पासून त्याला ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. हिला रजा कोण देणार? तो हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षीची उचल कोण देणार? ती म्हणते, "बघू, पुढच्या साली." आपल्यासारखे लोक याला अज्ञान म्हणतात. मला तिचा हिशेब चुकलेला दिसत नाही. तिच्यापुढे मांडलेली रक्कमच तेवढी आहे.

बरं, बायको देऊ शकत नाही, तर यादीत नाव घाला. त्यासाठी रुग्णालयाच्या फेऱ्या. आठवड्यातले तीन दिवस यंत्रावर जातात, त्या दिवशीची रात्र थकव्यात जाते. मधला जो दिवस उरतो त्या दिवशी नेमकी तपासणी मिळाली पाहिजे. एकदा रक्त, एकदा हृदयाची सोनोग्राफी, एकदा दात दाखवा, एकदा कागदावरचं नाव आधारप्रमाणे नाही म्हणून परत. सोबतीला माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते. डायलिसिसच्या रुग्णाला एस.टी.च्या साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे आणि रेल्वेतही भाड्यात मोठी सवलत आहे. ती जरूर घ्या. पण दुपारचं जेवण आणि बुडालेला रोज, याची सवलत कुठेच नाही. दोन फेऱ्या होतात, तिसरी राहते, आणि फाइल घरातल्या ट्रंकेत जाते. मी पाहिलेल्या अपुऱ्या नोंदण्यांपैकी बऱ्याच अशाच तिसऱ्या फेरीला थांबलेल्या आहेत. त्यांनी नको म्हटलेलं नव्हतं.

यातलं थोडंफार तरी सोपं करता येण्यासारखं आहे. रक्तगट, काविळीच्या आणि एचआयव्हीच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, यातलं बरंचसं काम जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतं. डायलिसिसच्याच दिवशी करून, एका पाकिटात घालून दिलं तर बाहेरगावच्या दोन-तीन फेऱ्या वाचतात. कोणत्या तपासण्या इथल्या चालतील, हे संबंधित रुग्णालयाच्या समन्वयकाला फोनवर आधी विचारावं लागतं. हे एका माणसाचं ठरलेलं काम असलं तर होतं. सगळ्यांचं असलं की होत नाही, हा आपला सरकारी आणि खासगी दोन्हीकडचा अनुभव.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोललीच पाहिजे. किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. देशात १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या सुमारे साडेछत्तीस हजार अवयव प्रत्यारोपणांची नोंद आहे. त्यांत अवयव मिळालेले पुरुष २९ हजारांहून अधिक आणि बायका सात हजारांच्या आत. आजार काही असा चारास एक या प्रमाणात होत नाही. मुलगा आजारी पडला की आई पुढे येते, नवरा आजारी पडला की बायको. तिला कुणी जबरदस्ती करतंच असं नाही. तिच्या मनात दुसरा विचार येऊ नये अशी रचना मात्र असते. आणि तीच आजारी पडली की घरातलं वाक्य बदलतं. "चालू आहे ना डायलिसिस!" तीही म्हणते, "माझं काय, लेकरांचं बघा." २०१४ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून तरी पक्की करून घ्यायची. म्हणजे ती देते आहे ते मनापासून का, हे विचारणारं कुणीतरी आहे. पण आजारी बाईचं नाव यादीत का नाही, हे विचारण्याची जबाबदारी कुणावरच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संस्थेने राज्यांना सूचना दिल्या. त्यांत यादीतल्या स्त्री रुग्णांना प्राधान्य द्यावं असं आहे. स्वागत आहे. पण प्राधान्य मिळायला आधी यादीत नाव हवं.

यात शरीराचाही एक भाग आहे. गरोदरपणात बाळाच्या वडिलांच्या पेशींविरुद्ध बाईच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. त्यामुळे दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईला नवऱ्याची किडनी जुळणं कधी कधी अवघड जातं. म्हणजे नवरा द्यायला तयार असला तरी तिला यादीची गरज जास्त. आणि नेमकं तिचंच नाव तिथे नसतं.

लग्नांचं काय होतं तेही सांगतो. तरुण मुलगा डायलिसिसवर असेल तर तो उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. हातावरची फुगलेली शीर दिसू नये म्हणून. घरात बहिणीच्या सोयरिकीचं चाललेलं असतं. "आजार रक्तातला तर नाही ना?" असा प्रश्न पाहुणे विचारतील ही धास्ती. मग प्रत्यारोपणाचं बोलणं लग्नानंतर. लग्न झालं की बहिणीने किडनी देण्याचा विषयच संपतो, कारण आता तिच्या सासरी विचारायचं. बहुतेक मूत्रपिंडविकार मधुमेह, रक्तदाब, मुतखडे, वेदनाशामक गोळ्यांचा मारा अशा कारणांनी होतात. काही थोडे आनुवंशिक असतात, आणि ते कुठले हे डॉक्टर सांगू शकतात. लपवल्याने हा फरक कुणालाच कळत नाही आणि सगळ्या घरावर संशय राहतो.

भीतीविषयी थोडं. किडनी दिली की माणूस कायमचा अधू होतो, हा समज घट्ट आहे. निरोगी माणूस एका किडनीवर नीट जगू शकतो. तो तसा आहे की नाही हे पाहण्यासाठीच दात्याच्या इतक्या तपासण्या करतात आणि थोडी शंका आली तरी त्याला नाकारतात. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. दात्याने पुढे दरवर्षी रक्तदाब, साखर आणि लघवी तपासून घ्यायची असते. ते सांगून मग विचारावं. दधीची ऋषींचं उदाहरण देऊन भाषणं करणारे पुष्कळ आहेत. माझा अनुभव असा, की बाकावर बसलेल्या भावाला दधीची ऐकायचे नसतात, त्याला विचारायचं असतं, "मला पुन्हा पाण्याची मोटर उचलता येईल का?"

दुसरी भीती फसवणुकीची. मुंबईत २०१६ मध्ये आणि पुण्यात २०२२ मध्ये खोटे नातेवाईक दाखवून किडनी बदलल्याची प्रकरणं पोलिसांत गेली. गावात त्याची चर्चा वर्षानुवर्षं टिकते. किडनीचा विषय काढला की लोक दचकतात, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून हे नीट लक्षात ठेवा. किडनीची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि कायद्यात त्यासाठी पाच ते दहा वर्षांची कैद व वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. पैसे घेऊन यादीत नंबर वर आणून देतो असं म्हणणारा माणूस भेटला तर तो लबाड आहे, मग त्याची ओळख कितीही वरपर्यंत असो. यादीत क्रम लावताना रक्तगट, डायलिसिसवर काढलेला काळ, यंत्रासाठी शीर मिळते की नाही, अशा गोष्टी पाहतात. शिफारशीच्या चिठ्ठीला त्यात गुण नाहीत.

पैशाचं बोलायलाच हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी पूर्वी अडीच लाखांची मर्यादा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती साडेचार लाखांपर्यंत नेली. आपल्या जिल्ह्याचा एक विशेष इथे सांगतो. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या १४ जिल्ह्यांत आपला जिल्हा होता, त्यामुळे इथल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही या योजनेत आधीपासून जागा होती. त्या २०२३ च्या निर्णयाने ती सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचं ठरलं. अजूनही "आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काही मिळत नाही" असं म्हणून परत जाणारी माणसं भेटतात. रुग्णालय योजनेत आहे का, आणि या शस्त्रक्रियेसाठी आहे का, हे मात्र तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. शस्त्रक्रिया निभते. खरी धास्ती पुढच्या औषधांची. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांना महिन्याला काही हजार रुपये लागतात, पहिल्या वर्षात अधिक. पैसे संपले म्हणून गोळ्या थांबवल्या आणि किडनी गेली, असं झालं की ते एका घराचं नुकसान राहत नाही. त्या गल्लीतला पुढचा रुग्ण नाव नोंदवत नाही. नोंदणीच्या आधीच औषधांची तजवीज काय, कुठल्या सरकारी रुग्णालयातून ती मिळतील, कोणता न्यास मदत करतो, हे बोलून घेणं म्हणूनच गरजेचं. शस्त्रक्रियेच्या खर्चाची वर्गणी गावकरी एकदा देतात, दर महिन्याला देत नाहीत.

असं केवळ आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या एका सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा गुणक वापरत. त्यामुळे त्यांची किडनी कागदावर प्रत्यक्षापेक्षा बरी दिसे आणि यादीतला त्यांचा काळ उशिरा सुरू होई. २०२२ मध्ये तिथल्या प्रत्यारोपण यंत्रणेने हे सूत्र बंद केलं आणि २०२३ च्या जानेवारीपासून अशा रुग्णांचा गेलेला काळ हिशेबात परत धरायला रुग्णालयांना भाग पाडलं. हजारो माणसांचे महिने, काहींची वर्षं परत मिळाली. तिथे चूक एका सूत्रात होती, ती खोडता आली. आपल्याकडे उशीर होतो तो बाकावरच्या गप्पांत आणि ट्रंकेतल्या फाइलीत. तो कुठल्याच कागदावर दिसत नाही.

कुणी म्हणेल, इतकं करून किडन्या आहेत कुठे? प्रश्न रास्त आहे. देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसांची मूत्रपिंडं निकामी होतात असा अंदाज आहे. २०२३ या वर्षात मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते देशभरात १,०९९ होते. म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला किडनी मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. अपघात झालेला आपला माणूस सोलापूरच्या किंवा लातूरच्या अतिदक्षता विभागात मेंदूमृत जाहीर झाला, तर त्या वेळी घरच्यांनी काय ठरवायचं, यावर स्वतंत्र भाषण व्हायला हवं. पण दाते कमी आहेत म्हणून नाव न घालणं म्हणजे पाऊस कमी म्हणून पेरणीच न करणं झालं, आणि आपल्या जिल्ह्यात तर कुणी असं करत नाही. शिवाय यादीत धाराशिवची नावं थोडी दिसली तर इथे गरजही थोडीच आहे असा अर्थ लावला जातो. पुढच्या सोयी कुठे करायच्या हे असल्या आकड्यांवरून ठरतं.

ज्यांच्या घरात डायलिसिस चालू आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडं कामाचं. येत्या खेपेला डॉक्टरांना एवढाच प्रश्न विचारा, "आमचं माणूस प्रत्यारोपणाला योग्य आहे का?" उत्तर नाही असं आलं तर कारण विचारा. ते कारण कधी कायमचं असतं, कधी सहा महिन्यांत जाणारं असतं. प्रश्न रुग्णाच्या समोर विचारा, आणि रुग्ण बाई असेल तर तिलाच विचारू द्या. डायलिसिस सुरू झाल्याची तारीख असलेला पहिला कागद जपून ठेवा, त्या तारखेला पुढे किंमत येते. रक्त चढवायची वेळ आली तर ते टाळता येण्यासारखं आहे का, रक्त वाढवण्याचं इंजेक्शन चालेल का, हे विचारा.

नाव नोंदवून झालं की फोन नंबर दोन द्या, रुग्णाचा एक आणि गावात कायम राहणाऱ्या माणसाचा एक. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. मोबाइल फडात बायकोजवळ आणि रुग्ण गावी, असं झालं तर रात्री आलेला फोन कोपीतच वाजत राहतो. नंबर बदलला, ताप आला, दुसऱ्या गावी राहायला गेलात, तरी समन्वयकाला कळवा. तपासण्या जुन्या झाल्या की पुन्हा द्याव्या लागतात, नाहीतर नाव यादीत असूनही बाजूला ठेवलं जातं. आणि फोन आला की हातात काही तासच असतात. रात्री दोन वाजता सोलापूरला निघायची वेळ आली तर गाडी कुणाची मिळेल, हे त्या माणसाला आजच विचारून ठेवा.